डावा खांदा

आमचे हे, हरिदास, मालगाडीवर गार्ड होते. बत्तीस वर्षं ड्युटीची जड बॅग डाव्या खांद्याला लावून, खिशातली शिट्टी चाचपत भनपुरीच्या याच घरातून निघाले. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, ही सासूबाईंनी घातलेली रीत. अंधश्रद्धा म्हणा हवं तर, पण रेल्वेवाल्याच्या घरात पाळली जाते. मी आणि छोटी अपर्णा फाटकात उभ्या राहून गुपचूप त्यांची पाठ बघायचो.

गेल्या वर्षी अपर्णानं रेल्वेची लागलेली नोकरी सोडली आणि पुण्याला व्हिडिओ गेमच्या कंपनीत गेली. यांचं डोकंच फिरलं. तेव्हापासून लेकीशी बोलणं बंद. भीमजयंतीला ती चार दिवस आली, तरी सगळा कारभार माझ्यामार्फत. "तिले सांग, वरण वाढ." मी काय टपाल खात्यात आहे?

शेवटच्या दिवशी जेवणं झाल्यावर अपर्णानं टीव्हीला तिच्या कंपनीचा नवा गेम जोडला. वेढा पडलेल्या गावातून दोन सैनिकांनी मिळून लोकांना सोडवायचं. दोघं सोबत असल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. मी खेळाच्या रिमोटची बटणं दाबली आणि भिंतीवर गोळ्या झाडत मेले. दोनदा. मग तो रिमोट यांच्या मांडीवर टाकून दिला.

"मले काय येते त्यातलं," म्हणत यांनी चष्मा चढवला.

खेळ कसला, तमाशा! हे जागचे हलेनात. "तिले सांग, पुढच्यानं इशारा दिल्याबिगर गार्ड निघत नाही." इथल्या हिंदी मुलखात वाढलेली अपर्णाही माझ्याकडेच बघून म्हणाली, "आई, इनको बोलो ना, मेरे पीछे आएं!" पण तिचा सैनिक गोळी लागून पडला, तेव्हा हे नियम-बियम सोडून गोळ्यांच्या पावसात त्याच्याकडे धावले आणि त्याला उठवलं. मला हसू आलं आणि भरूनही आलं.

पुढे रस्ता मोकळा होता. या खेळात आपला माणूस सतत पाठमोराच दिसतो. चालता चालता हे थांबले. परत चालले, परत थांबले. यांच्या सैनिकाचा डावा खांदा कललेला होता आणि दर चार पावलांवर तो जणू शिट्टी आहे का म्हणून खिसा चाचपत होता.

"हा काहून असा चालून राहिला?" यांनी मला विचारलं.

"तिलाच विचारा!" मी खेकसले.

"उसका चलना मैंने बनाया है," अपर्णा टीव्हीकडे बघत म्हणाली. "मेरा काम वही है. बचपन में आपकी बस पीठ ही तो दिखती थी, बाबा."

यांनी रिमोट ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला असा संताप आला की विचारू नका.

चार वाजता ऑटो आला. बंद दाराकडे बघून अपर्णा "जय भीम, बाबा" म्हणाली. बॅग घेऊन ती फाटकाबाहेर पडली. मी रीतीप्रमाणे ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

"अपर्णा!"

मागून हाक. ती वळली. हे अनवाणीच दारात आले होते, डोळे लाल.

"डावा खांदा अजून जरा खाली पाहिजे होता," ते म्हणाले. "बॅग लय जड राहत होती. थांब, चालून दाखवतो."

त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली, डाव्या खांद्याला लावली आणि चालू लागले. मी ऑटोवाल्या भैयाला म्हटलं, जरा रुकना.