एका डॉलरची कपात

होनोरा कीफ विधानसभेच्या प्रेक्षक-गॅलरीतल्या बाकावर अगदी कडेला बसली होती आणि मांडीवर तिनं मुरंब्याची बरणी घट्ट धरली होती. टर्न कोव्हहून राजधानीत, सेंट जॉन्सला, यायला बर्फावरून घोड्याच्या घसरगाडीनं दोन दिवस लागले होते; दोन्ही दिवस बरणी अशीच मांडीवर. मुरंबा आंब्रोज टोबिनसाठी होता. आंब्रोज गावातला पिंपं बनवणारा, तिच्या नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त आणि आता विधानसभेत टर्न कोव्हचा सभासद. निवडून येऊन तीन वर्षं झाली, पण गड्यानं सभागृहात अजून तोंड उघडलं नव्हतं. पिंपाला झाकण ठोकतात तसं याच्या तोंडाला कुणीतरी ठोकलंय, असं गावात म्हणत.

आज तो बोलणार होता. मागच्या जुलैत होनोराचा नवरा माइक धुक्यात होडीसकट खडकांवर आपटून गेला. दीपगृहातला दिवा तेव्हा जळत होता, पण असल्या धुक्यात दिवा असून नसल्यासारखाच. तिथे हवी होती तोफ. धुकं पडलं की दर अर्ध्या तासाला उडवायची, म्हणजे डोळ्यांना नाही तरी कानांना किनारा सापडेल. येत्या उन्हाळ्यात तिचा एकुलता एक लिओ त्याच पाण्यात होडी घालणार होता. तोफ मंजूर झाल्याशिवाय घरी जायचं नाही, असं ठरवूनच ती निघाली होती.

अध्यक्ष आत आले तशी सगळी सभा उभी राहिली. व्यापारी, वकील, मंत्री, झाडून सगळे. होनोराही उठली.

"एवढा कोण हो हा मोठा?" तिनं गॅलरीच्या दारावरच्या म्हाताऱ्या राखणदाराला, पडस्टरला, विचारलं.

"मोठा कसला, मावशी! तो केसांचा टोप काढला की साधा वकील आहे. हे उठतात ते त्या खुर्चीसाठी."

थोड्या वेळानं अध्यक्ष खुर्ची सोडून गेले आणि शिपायानं टेबलावरचा, अध्यक्षांच्या मानाचा सोनेरी दंड उचलून टेबलाखाली ठेवला.

"आता पैशाचं काम," पडस्टर पुटपुटला. "पैशाचं बोलणं निघालं की मोठी खुर्ची रिकामी. अध्यक्षांमार्फत खर्चाची कुरकुर राणीच्या कानावर जाऊ नये, अशी जुनी रीत आहे."

चर्चमध्येसुद्धा होनोरानं असलं काही पाहिलं नव्हतं. तिनं बरणी आणखी जवळ ओढली.

चिटणीस एकेक बाब वाचू लागला. रस्ते. टपाल. तुरुंग. विरोधी बाकावरचा एक जाडा गृहस्थ खुशाल झोपला होता. मग आलं, "दीपगृहं. चोवीस हजार डॉलर." तोफेचं नावही नव्हतं.

आंब्रोज उठला.

"माझी सूचना आहे," तो म्हणाला, "की या रकमेतून एक डॉलर कमी करावा."

कमी? तोफ मागायला पाठवलेला माणूस दिव्याच्या तेलालाच कात्री लावत होता!

"मेल्या, गद्दारा!" होनोरा ओरडलीच.

पडस्टरनं तिला खाली बसवलं. "गप्प बसा हो! खालून कुणी एकानं 'सभेत परके लोक आहेत' म्हटलं, की अख्खी गॅलरी रस्त्यावर. आणि शिव्या कसल्या देताय? वाढवून मागायचा हक्क फक्त सरकारला. त्या बिचाऱ्याला नुसतं कापता येतं."

"मग कापून काय मिळणार, कपाळ?"

"तो डॉलर कापला जाऊ तर द्या! सभेचा सरकारवर भरवसा उरला नाही, असा त्याचा अर्थ. मंत्री घरी. सगळेच्या सगळे."

होनोरानं खाली पाहिलं. जाडा गृहस्थ टक्क जागा झाला होता. मुख्यमंत्री मान वळवून आपल्या अर्ध्या रिकाम्या बाकांवरची डोकी मोजत होते. आंब्रोज अडखळत बोलत होता. "माइकच्या हाका आम्ही किनाऱ्यावरून ऐकल्या. आमच्या त्याला ऐकू गेल्या नाहीत."

त्या दिवशी होनोराही तिथेच होती, घसा फुटेस्तोवर ओरडत. ते ओरडणं पहिल्या लाटेपलीकडे गेलं नव्हतं. आणि इथे एका पिंपवाल्याच्या एका डॉलरनं अख्खं सरकार गोरंमोरं झालं होतं. तिला भीती वाटली आणि भरूनही आलं.

मुख्यमंत्री उठले. तोफेचा खर्च मागणारा राज्यपालांचा संदेश उद्याच सभेपुढे ठेवू, असं त्यांनी वचन दिलं. टर्न कोव्हच्या सभासदांनी आपली सूचना मागे घ्यावी.

"मागे घ्यायलाही सगळ्यांची संमती लागते," पडस्टर कुजबुजला. "एक जरी 'नाही' म्हणाला तर मतदान. मग सरकारही गेलं आणि वचनही."

सरकार पाडायची संधी विरोधकांपुढे चालून आली होती. जाड्या गृहस्थानं तोंड उघडलं. मग त्यानं वर गॅलरीकडे पाहिलं. तिथली काळी शाल आणि बरणी त्याला दिसली असावी, कारण त्यानं तोंड पुन्हा मिटलं.

कुणीच 'नाही' म्हणालं नाही.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ होतं. होनोरानं बरणी पुढे केली. "मी तुला शिवी दिली रे, आंब्रोज."

"ऐकली की. सगळ्या सभेनं ऐकली," तो हसला. "गावचा आवाज कानावर पडला, वहिनी, तेव्हा कुठे माझे पाय स्थिर झाले."

ऑगस्टमध्ये एका दुपारी धुकं उतरलं. लिओ समुद्रावर होता. होनोरा स्वयंपाकघरात बसून पीठ मळत होती, तेवढ्यात दीपगृहाकडून तोफ धडाडली आणि खिडकीच्या काचा थरारल्या.

होनोरा उठून उभी राहिली. त्या सभेत सगळे उठले होते तशी, ताठ, हातांना पीठ तसंच. अर्ध्या तासानं तोफ पुन्हा उडाली, मग पुन्हा. खाली धक्क्यावर लिओची वल्ही वाजेपर्यंत ती खाली बसली नाही.