गव्हाणीतला बैल

ख्रिस्तजन्माच्या देखाव्यांचं संग्रहालय खराडीत निघालंय हे ऐकून रंगराव मास्तर म्हणाले होते, "वा! आता एवढंच बघायचं राहिलं होतं!" पण नात ऋचा हट्टाला पेटली, आणि शनिवार पेठेतले मास्तर तिचा हात धरून बाळ येशूच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. लाकडाच्या, काचेच्या, करवंटीतल्या गव्हाणी बघून आधी नाक मुरडलं, मग चष्मा पुसून पुसून बघत सुटले.

कोपऱ्यातल्या कपाटापाशी मात्र ते थबकले. शाडूचा गोठा. दिवाळीच्या किल्ल्यावरची गवळण इथे मरीया झालेली, भाला काढून घेतलेला मावळा मेंढपाळ. बाळाच्या उजवीकडे गाढव, डावीकडे जागा रिकामी. खाली पाटी होती: 'रूथ साळवे, इयत्ता सातवी. बैल शाळेत मोडला.'

मोडला कसला! मोडला असं मास्तरांनीच त्या पोरीला सांगितलं होतं. शाळेच्या प्रदर्शनातून तो बसलेला बैल त्यांनी गुपचूप उचलला, शिक्षकांच्या स्पर्धेत स्वतःच्या नावावर पाठवला आणि पहिलं बक्षीस घेऊन मिरवले. तीस वर्षं तो त्यांच्या शोकेसमध्ये बसून होता.

"अगबाई, सर, तुम्ही?"

संग्रहालय चालवणारी बाई लगबगीनं पुढे आली. रूथच ती. कानापाशी केस पिकले होते, हसणं तेच होतं. "यांनी मला माती मळायला शिकवलं," ती कौतुकानं ऋचाला म्हणाली.

झालं! ऋचा फुलली. "मग इथे आजोबांचाच बैल ठेवा ना! बक्षीस मिळालंय त्याला. थांबा, फोटो आहे माझ्याकडे."

"राहू दे गं," मास्तर म्हणाले. पण मोबाईल रूथच्या हातात गेलासुद्धा होता.

रूथनं फोटो मोठा केला. बैलाच्या वशिंडावर एका लहान अंगठ्याचा ठसा होता. ती बघतच राहिली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. रूथनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मोबाईल परत दिला.

"सुरेख आहे," ती म्हणाली. "सरांचा हातच तसा."

तिनं झाकलं! नातीसमोर त्यांची अब्रू झाकली! त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर त्या गिळता आल्या असत्या. हे गिळवेना.

"ऋचा," मास्तरांचा आवाज फाटला, "तो बैल माझा नाही. हिचा आहे. मी चोरला."

ऋचानं त्यांचा हात सोडला. मास्तरांची मान काही वर होईना.

रूथनं कपाटाची काच सरकवली आणि रिकाम्या जागेवरची धूळ पदरानं पुसली.

"डावा कान शाबूत आहे का हो, सर?" तिनं विचारलं. "घाईत चिकटवला होता मी."