साक्षीदाराचं नाव

त्या गुरुवारी हेनिक वासरमान फ्रँकफुर्टच्या आपल्या स्वयंपाकघरात खारवलेल्या माशासाठी कांदा चिरत होता, आणि चिरता चिरता लेकीच्या कादंबरीचे वाभाडे काढत होता. डोरिट टेबलाशी बसून रविवारच्या, वाचनालयातल्या भाषणाची टिपणं काढत होती. कादंबरी एका ज्यू कुटुंबाची होती, महायुद्धानंतर एका नाझीवर चाललेल्या खटल्याची.

“तुझा साक्षीदार कोर्टात ढसाढसा रडतो,” हेनिक म्हणाला. “मी साक्ष देताना कुठे रडलो होतो? मी त्या नाझीच्या वकिलाला विचारलं, तुम्हाला कंटाळा आलाय की भूक लागलीय?”

“तो तू नाहीस, बाबा. मी सगळीकडे तेच सांगते.”

“मग माझा कोट घालून कोण हिंडतंय? निदान नाव तरी माझं द्यायचंस.”

“जिवंत माणसाचं नाव दुसऱ्या कुणाला देतात का आपल्यात? मृत्यूचा दूत चुकून त्यालाच उचलून नेतो म्हणे.”

“बाईसाहेब पवित्र शनिवारी, धर्माने वर्ज्य असलेलं डुकराचं सॉसेज खातात आणि मृत्यूच्या दूताला घाबरतात.”

डोरिटला हसू आवरेना. “बरं, लोक विचारतील, शेवटी न्याय झाला का? काय सांगू?”

“सांग, त्या नाझीला तीन वर्षं कैद दिली. मला पुढे जगायला चाळीस मिळाली. वर तू.”

शुक्रवारी सकाळी तो झोपेतून उठलाच नाही.

शोकाचे सात दिवस डोरिट रिवाजाप्रमाणे बुटक्या स्टुलावर बसली. भेटायला माणसं रिवाजाची उकडलेली अंडी आणि हेनिकचे किस्से घेऊन येत राहिली. शेजारच्या म्हातारीला तर सांगता सांगता हसून ठसका लागला, पाठ चोळावी लागली.

पुढे ढकललेलं भाषण महिन्याभराने झालं. सभागृह भरलं होतं. एका तरुण शिक्षिकेने विचारलं, “तुमचा साक्षीदार खरा माणूस होता का?”

कादंबरीतली माणसं कादंबरीतलीच असतात, हे ठरलेलं उत्तर डोरिटच्या जिभेवर आलं होतं. पण ज्याच्या जिवाला जपून त्याचं नाव लपवलं, तोच आता उरला नव्हता. तिने पुस्तक मिटलं.

“ते माझे बाबा. हेनिक वासरमान. ते रडले नव्हते. तिथे उभं राहून ते विनोद करत होते. त्याची मला लाज वाटायची, म्हणून पुस्तकात मी त्यांना रडवलं. खरं तर ते माझ्या कादंबरीपेक्षा कितीतरी सरस होते. त्यांना मी हे कधी म्हटलं नाही.”