पिवळी झाक

रंगाऱ्याची उभी हयात कापडाला रंग देण्यात गेली. गिऱ्हाइकानं बोटभर चिंधी आणावी आणि यानं तस्साच रंग कापडावर उतरवून द्यावा, अशी त्याची ख्याती. त्यामुळे स्वतःच्या नजरेचा भारी ताठा! काम सुटल्यावर असा माणूस स्वस्थ बसतोय कसला? मागच्या अंगणात त्यानं सिल्की कोंबड्या पाळल्या. पिसं कापसासारखी मऊ, कातडी काळी, पायाला पाच बोटं. डोक्यात खूळ एकच: फिकट जांभळट राखी रंगाचा वाण तयार करायचा, आणि त्यात पिवळ्याची झाक औषधालाही नको.

पिल्लांना पिसं फुटली की तो एकेकाला हातात धरून न्याहाळायचा. पिवळी झाक दिसली की ते पिल्लू गेलंच, कुणाला तरी देऊन टाकायचं. अशी वर्षानुवर्षं निवड करून शेवटी मनासारखा कोंबडा मिळाला. बायकोनं त्याचं नाव ठेवलं ‘साहेब’, कारण तो हलायचासुद्धा उपकार केल्यासारखा.

पण मागची दोन वर्षं काय झालं कोण जाणे, जवळजवळ प्रत्येक पिल्लात पिवळं दिसायला लागलं. उन्हानं पिसं पिवळी पडतात म्हणून त्यानं खुराड्यावर ताडपत्री घातली. मक्यानं पडतात म्हणून मका बंद केला आणि दाणेवाल्याला भर दुकानात फैलावर घेतलं.

“अहो, पिवळं आहे कुठे? मला तर दिसत नाही,” बायको म्हणाली.

“तुला काय कळतंय रंगातलं!”

झालं. त्यानंतर तिनं त्या विषयावर ब्रसुद्धा काढला नाही. खुराडं झाडायची, पाणी बदलायची आणि गप्प राहायची.

एका सकाळी त्याला साहेबातही पिवळं दिसलं. तळपायाची आग मस्तकात! मेहुणा घरी आलाच होता, खाण्याचा शौकीन. “घेऊन जा. कापून खा,” म्हणत यानं साहेब त्याच्या हातात दिला. बायको दारात उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली.

पुढच्याच आठवड्यात तो सपाट अंगणात ठेचकाळून पडला. बायकोनं हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आला, खुर्चीत बसला, आणि चहा घेऊन आलेल्या बायकोकडे बघतच राहिला.

“अगं, तुझे केस पांढरे कधी झाले?”

“केव्हाच! तुम्हीच म्हणायचात, मेंदी लावलीस वाटतं.”

त्याला हसू आलं. मग ते हसू ओठांवरच थांबलं. चहा तसाच ठेवून तो खुराड्याकडे गेला. पिवळं नाही म्हणून मोठ्या कौतुकानं ठेवलेल्या दोन कोंबड्या समोर होत्या: काळपट, मळकट, धुराड्यातून काढल्यासारख्या. गजांना साहेबाचं एक पीस अडकलं होतं. त्यानं ते नव्या डोळ्यासमोर धरलं. स्वच्छ जांभळट राखी. पिवळ्याचा मागमूस नाही.

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानं मेहुण्याला फोन लावला.

“भावोजी, तुम्हीच तर म्हणालात कापून खा म्हणून,” मेहुणा चाचरत म्हणाला. “त्याच रात्री…”

फोन ठेवून तो पायरीवर बसला. डोळ्यात पाणी येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ते कुणाच्या हातात असतं? खूप रडला. बायको शेजारी येऊन बसली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्या विषयावर बोलली.

“साहेब असतानाची अंडी मी खुडूक कोंबडीखाली ठेवली आहेत.”

“मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

पिल्लं निघाली. बरीचशी आयांवर गेली, मळकट. पिसं भरली तेव्हा दोघा नरांचा रंग मात्र साहेबासारखा दिसायला लागला. एक सकाळभर तो त्या दोघांना आलटून पालटून बघत होता. आता त्याला सगळं लख्ख दिसत होतं. तरी तो दोन्ही हातांत दोघांना घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

“अगं, यातला वाणासाठी कुठला ठेवायचा?”

ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, “मला काय कळतंय रंगातलं?”

शब्द त्याचेच होते. तो जागचा हलला नाही. पिल्लं हातांत वळवळत होती.

“तुला दिसत होतं,” तो म्हणाला. “मी ऐकलं नाही. आता तू सांग.”

तिनं नळ बंद केला. सावकाश हात पुसले. मग त्याच्या जवळून बाहेर जात म्हणाली, “इथे अंधारात काय दिसणार? उजेडात आणा दोघांना.”