शेवटून दुसरी ओळ

प्राध्यापकांनी सर्वांत वरच्या फळीवरचा ग्रंथ काढला आणि फडक्याने त्याची पाठ पुसली. विभाग बंद होत होता. संध्याकाळपर्यंत खोली मोकळी करून द्यायची होती. हिब्रू संदेष्ट्यांची वचनं आणि ज्यू पंडितांनी लावलेले त्यांचे अर्थ, यांपायी त्यांनी अडतीस वर्षं डोळे फोडले होते. सगळं एकवीस खोक्यांत मावलं.

"सर, तुमचे संदेष्टे जिन्याने उतरवू की लिफ्टने?" शिपायाने विचारलं.

"लिफ्टने ने. ओरडून ओरडून दमलेत बिचारे."

शिपाई हसत खोकं घेऊन गेला. मदतीला आलेली त्यांची मुलगी हसली नाही. आई जाऊन महिना झाला होता. ही परगावाहून पोचली, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तिने तो ग्रंथ हातात घेतला. लहानपणी बाबांनी गिरवून घेतलेली हिब्रू अक्षरं तिला अजून लागत होती.

"बाबा, इथे शेवटच्या ओळीनंतर आधीचीच ओळ परत छापलीये. चुकून?"

"चुकून नाही. या संदेष्ट्याचं पुस्तक फार कठोर शब्दांवर संपतं. ऐकणाऱ्याला तसंच घरी कसं धाडायचं? म्हणून आधीची दिलाशाची ओळ पुन्हा वाचतात आणि मग थांबतात."

"आणि कठोर ओळ गाळतात?"

"छे! तीही वाचतात."

ती पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई शेवटी काय म्हणाली, बाबा?"

खोक्याला लावायची चिकटपट्टी त्यांच्या हातात तशीच राहिली. दवाखान्यातलं ते दार त्यांना दिसलं. त्या दाराकडे दिवसभर बघून बायको म्हणाली होती, 'नाहीच आली ना? आता नका बोलावू तिला.' मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं, ते कायमचं.

"म्हणाली, माझी निळी शाल तिला द्या. तिला थंडी सोसत नाही."

हेही ती म्हणाली होती. त्याच सकाळी.

विद्यार्थ्याने एक ओळ गाळली तरी हे प्राध्यापक अख्खं पान पुन्हा लिहायला लावत. आता ते खाली बघून चिकटपट्टीचं टोक शोधू लागले. ते काही सापडेना.

मुलीने बराच वेळ त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग ग्रंथ मिटून खोक्यात ठेवला.

"परत सांगा ना, बाबा."

त्यांनी परत सांगितलं.