जावाचा सैल क्लच

सोमनाथच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. संध्याकाळी नीट केलेला क्लच सकाळी पुन्हा सैल! गेटला कुलूप, गाडी पोर्चमध्ये जागच्या जागी, आणि मुठीजवळची क्लचची दांडी मात्र जीव गेल्यासारखी लुळी.

गाडी वडिलांची, म्हणजे अण्णांची. जुनी जावा मोटारसायकल, सोमनाथच्या जन्माआधीची. लग्न झाल्यापासून धोंडीराम अण्णा दर दसऱ्याला तिची पूजा करत, झेंडूची माळ घालत, बायकोला, कुसाबाईंना, मागे बसवत आणि नाशिकरोडहून थेट घोटीला, बहिणीला, चतुराबाईंना, आपट्याचं सोनं द्यायला जात. सोमनाथ पोटात होता तेव्हासुद्धा हा नेम चुकला नव्हता. यंदा दसरा तोंडावर आला आणि क्लचने मान टाकली. नेम मोडला तर अण्णा मनाने खचतील, या धास्तीने सोमनाथने पाना हातात घेतला.

आता सोमनाथ म्हणजे सातपूरच्या कंपनीत हिशेब बघणारा माणूस. त्याची सगळी हयात स्कूटरवर गेलेली. पण पठ्ठ्याने मोबाइलवर बघून बघून क्लचच्या प्लेटा बदलल्या, नवी तार ओवली, मुठीखालचा नट आवळला. दांडी कशी ताठ झाली! दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर सैल. पुन्हा आवळली, पुन्हा सैल. त्याने प्लेटांवर संशय घेतला, तारेवर घेतला, उंदरांवर घेतला. जावाच्या फटफटीवर कायम वैतागलेल्या शेजारच्या शेखरवरही घेतला. हाती काहीच लागेना.

त्याहून मोठं कोडं अण्णांचं. एरवी गाडीला कुणी फडकं लावलं तरी खेकसणारा माणूस, आता खुर्चीत पेपर घेऊन बसायचा.

"अण्णा, जरा बघा की काय होतंय."

"तुला कळंल तसं कर बाबा," अण्णा पेपराआडून म्हणायचे. सोमनाथला या बेफिकिरीचा अर्थ लागेना आणि रागही यायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो मुद्दाम लवकर उठला आणि खिडकीतून बघत राहिला. उजाडता उजाडता आई बाहेर आली. एक हात भिंतीला, उजवा पाय ओढत. गाडीपाशी थांबून तिने पदराआडून पाना काढला आणि मुठीखालचा नट सराईतपणे सैल केला. अण्णांच्या दुरुस्तीत जन्मभर बॅटरी धरून उभी राहिलेली बाई ती, तिला कोणता नट कशाचा हे काय सांगावं लागणार!

सोमनाथ धावतच बाहेर आला. "आई! अगं, तू करतेस हे?"

कुसाबाईंच्या हातातला पाना खाली पडला. "हळू बोल. त्यांना ऐकू जाईल."

"पण का?"

"गुडघा वाकत नाय रे माझा. मागच्या शिटावर पाय टाकून बघितला, नाय जमलं." त्यांचे डोळे भरून आले. "गाडी चालू झाली तर ते एकटेच जातील. आजवर कधी गेले नाय. मला नाय बघवणार ते."

तेवढ्यात दार वाजलं. अण्णा बाहेर आले ते सरळ गाडीवरच बसले. त्यांनी किक मारली. जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यावर; तोच दांडा गिअरसाठी पायाने दाबून त्यांनी हळूच सोडला. क्लचची दांडी लोंबत असतानाच जावा डुलत गेटपर्यंत गेली. अण्णांनी ती बंद केली.

"या गाडीला मुठीतला क्लच नसला तरी चालतंय. गिअर दाबला का क्लच आपोआप सुटतो. मला एकट्यानं जायचंच असतं तर पहिल्याच दिवशी गेलो असतो."

"मग बोलला का नाय?" कुसाबाईंनी विचारलं.

"तू तरी कुठं बोललीस? जिन्यावर आडवी चढतीस, मला दिसत नाय व्हय?"

सोमनाथ कधी आईकडे बघे, कधी अण्णांकडे. इतके दिवस आपण नक्की कुणासाठी हात काळे करत होतो, हेच त्याला कळेना.

अण्णांनी खाली पडलेला पाना उचलून त्याच्यापुढे धरला. "तार आणखी सैल कर. पार सोडूनच टाक."

"आता कशाला?"

"चतुराचा फोन येईल, दादा का आला नाय म्हणून. तिला काय सांगू, वहिनीचा गुडघा? क्लच गेलाय म्हणून सांगतो. मला खोटं बोलता येत नाय."

सोमनाथने तार सोडवली. त्या गाडीवर त्याने केलेलं काम पहिल्यांदाच अण्णांच्या पसंतीला उतरलं होतं.