फाळक्याची उंची

सुनेने पान्यावर लोखंडी नळी चढवली, पाय भिंतीला टेकवले आणि जोर लावला. गंजलेला नट किंचाळून सुटला. जुन्या पिकअपचं मागचं चाक काढून बाजूला ठेवलं होतं, गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती आणि ती खाली पाठीवर पडून मागचे पाटे बदलत होती. एकावर एक बांधलेल्या त्या पोलादी पट्ट्या ओझ्याने पार सपाट झाल्या होत्या.

"चिवट निघाला हा, आई. तुमच्यासारखा."

"त्याला निदान तेल तरी पाजलंस," पायरीवर कुंड्या भरत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

घरामागे त्यांची रोपवाटिका होती. बाजाराच्या दिवशी सून गाडी चालवायची आणि सासूबाई मागचा फाळका पाडून, त्यावर बसून रोपं विकायच्या. त्यांच्या मुलाने एकदा खुर्ची देऊ केली, तेव्हा मी काय पाहुणी आहे का, असं विचारून त्यांनी त्याला गप्प केलं होतं. आता गुडघ्यांकडे बोट दाखवून तो त्यांना बाजार सोडायला सांगत होता. फाळक्यावर आपलं आपण चढता येतंय तोवर येणार, असं त्यांनी ठणकावलं होतं. ज्या दिवशी कुणाला उचलून बसवावं लागेल, त्या दिवशी घरी.

दुपारी नवे पाटे बसले. ठोकळे काढले, तरी गाडीची मागची बाजू वीतभर वरच राहिली. मुलगा खूश झाला. गाडीला परत कणा आला, म्हणाला.

सून हात धुवायला आत गेली. मोरीच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, फाळका पाडला, त्याला पाठ लावली आणि हात मागे टेकून अंग वर उचललं. पुन्हा एकदा उचललं, तरी फाळका वरच राहिला. मग फाळक्यावरची धूळ हाताने झटकत राहिल्या, जणू त्यासाठीच आल्या होत्या.

आत आल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या तू एकटीच जा. कंबर धरलीय."

"मी म्हणतच होतो," मुलगा म्हणाला.

सुनेने हात कोरडे केले. गाडी काढून गल्लीत एक फेरी मारून आली आणि पुन्हा जॅक लावायला बसली. नवऱ्याने विचारलं तेव्हा गाडी फार कडक झाल्याचं तिने सांगितलं. दोन्हीकडचा एकेक पाटा काढावा लागेल, नाहीतर कुंड्या तडकतील.

"मग भार कमी पेलेल."

"आपण कुठे दगड विकतो?"

ऊन कललं तेव्हा गाडी खाली आली. पूर्वीइतकी नाही, पण बरीच. सुनेने फाळका पाडला, मांडीशी हात धरून त्याची उंची पाहिली आणि पान्यावरचं ग्रीस पुसत हाक मारली.

"आई, जरा बसून बघता? अजून कडक वाटतेय का सांगा."

सासूबाई सावकाश आल्या. पाठ लावली, हात मागे टेकले, एक हिसका दिला आणि बसल्या. चपला जमिनीपासून थोड्या वर लोंबत होत्या. त्यांनी पाय हलवून पाहिले.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे दोन पाटे टेकून ठेवले होते. काळा रंग अजून ताजा होता.

"हे उरले कसे?"

"दुकानदाराने जास्तीचे दिले."

"एवढा दिलदार?"

सून पाने-पकडी गोळा करत राहिली.

"त्याला एक झाड द्यायला हवं," सासूबाई म्हणाल्या आणि कुणाचा हात न घेता खाली उतरल्या.

सकाळी सून गाडीत बसायला आली, तेव्हा तिच्या सीटवर एक लहान कुंडी होती. नळामागे सासूबाई काही रोपं लपवून ठेवत, विकायची नाहीत म्हणून, त्यांतली. सासूबाई शेजारी बसून समोर बघत होत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "बाजारातली कडेची जागा जाईल."